पडक्या चॅपेलला छप्पर

१४ मार्च २००२, गुरुवार. एसीच्या जाळ्या धुवायच्या होत्या. आठवडाभर वारा सुटला होता आणि दोह्यातल्या फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी लावला की गार हवेआधी धूळ यायची. सकाळची ड्यूटी करून आले, स्टूल घेतलं, जाळ्या उपसल्या आणि बाथरूममध्ये गेले, तर टब रिकामा नव्हता. टबावर आडवी फळी टाकून तिच्यावर चॅपेल वाळत ठेवलं होतं.

"हे इथे कशाला?" मी विचारलं.

"हॉलमध्ये धूळ बसते," नवरा म्हणाला.

"सातशे वर्षं उघड्यावर आहे म्हणतोस. त्याला माझ्या हॉलमधली धूळ बाधणार?"

"आणि सावकाश वाळलं की तडे जात नाहीत."

हे खरं होतं, आणि त्याला ते मीच शिकवलं होतं. मी हॉस्पिटलात हाडांच्या विभागात नर्स आणि प्लास्टर रूम माझ्याकडे. हात मोडलेला असो नाहीतर पाय, प्लास्टर कसं भिजवायचं, कसं गुंडाळायचं आणि कसं सोडवायचं हे मला झोपेतही येतं. चॅपेल ज्या प्लास्टर बँडेजचं केलं होतं, त्यांचा मुदत संपलेला खोका मीच इन-चार्जला विचारून घरी आणला होता. तेव्हा तक्रार करायला मला फारशी जागा नव्हती. जाळ्या बाल्कनीत बादलीत धुतल्या.

चॅपेल नवऱ्याच्या साहेबांचं. साहेब इंग्लंडचे, आर्किटेक्ट, केस पिकेपर्यंत दोह्यात राहिलेले. त्यांच्या केबिनमध्ये एक पेन्सिलचं चित्र टांगलेलं होतं, विद्यार्थी असताना त्यांनी स्वतः मापं घेऊन काढलेलं: त्यांच्या गावाबाहेरचं पडकं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. नकाशा, चारी बाजू, आतून कापून दाखवलेलं, सगळं. आता साहेब रिटायर होऊन गावी चालले होते. कतारमध्ये निघणाऱ्या माणसाला काचेच्या पेटीतली सोनेरी होडी नाहीतर सोनेरी कॉफीची किटली द्यायची पद्धत आहे. ती घरी नेऊन लोक कुठे ठेवतात देव जाणे. नवऱ्याने ऑफिसात सांगितलं, होडी नको, मी त्यांचं चॅपेल बनवून देतो.

साहेबांवर प्रेम होतं हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. नवरा ड्राफ्ट्समन. बोर्डावर वाकून, हाताने, शाईत नकाशे काढणारा. ऑफिसात एकेक करून कॉम्प्युटर आले होते. संध्याकाळचा क्लास लावून तोही शिकला, पण त्याचा वेग असा की पोरं दोन नकाशे संपवून चहाला जायची तेव्हा हा पहिल्याच्या चौकटीत असायचा. नवा मॅनेजर येणार होता आणि कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं हे साहेब जायच्या आधी ठरणार होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. माझा व्हिसा हॉस्पिटलचा, त्याचा कंपनीचा. बायकोच्या व्हिसावर नवरा राहू शकतो असा काही मार्ग आमच्या माहितीत नव्हता. म्हणजे तो वसईला, मी आणि नववीतली मुलगी इथे. आम्ही यावर एकदाच बोललो होतो आणि मग त्याने थर्माकोल कापायला घेतला.

आता चॅपेल कसं होतं ते सांगते, कारण त्या दोन महिन्यांत माझ्या घरात दुसरा विषय नव्हता.

आपल्याकडच्या चर्चच्या मानाने अगदीच लहान. एक लांबट खोली लोकांसाठी, तिला लागून तिच्याहून अरुंद खोली वेदीसाठी, आणि दोन्हींच्या मध्ये एक मोठी टोकदार कमान. छप्पर नाही. लाकडी छप्पर कधीच पडलेलं. त्याचा उतार तेवढा तिकोनी भिंतीवर चरा पडल्यासारखा दिसतो. उत्तरेची भिंत शाबूत. दक्षिणेची अर्धी गेलेली, वरून खाली येताना पायऱ्यांसारखी तुटलेली. वेदीमागच्या भिंतीत तीन अरुंद उंच खिडक्या; मधलीचं डोकं उडालेलं. बाहेरून भिंतींना दगडी धिरे, म्हातारा भिंतीला टेकून उभा राहावा तसे. वेदीजवळ हात धुवायचा एक छोटा कोनाडा, त्याला तळाशी भोक.

"भिंती बाहेर का पडतात माहीत आहे?" नवरा रोज रात्री जेवताना शिकवायचा. "छपराचा भार नुसता खाली येत नाही, बाजूला ढकलतो. म्हणून बाहेरून धिरे. छप्पर गेलं की ढकलणारं कोणी नाही, पण बांधून ठेवणारंही कोणी नाही. मग पाणी भिंतीच्या डोक्यात शिरतं."

"आमटी घे."

"आणि ती मधली कमान बघ. तिच्यावर आता काहीसुद्धा नाही. तरी उभी आहे."

"असे साहेब आमच्याकडेही आहेत," मी म्हटलं.

पण काम सुंदर झालं होतं, हे मान्य करते. थर्माकोलचा गाभा, त्यावर बँडेजचे थर, ते ओले असतानाच क्रोशाच्या सुईने एकेक दगड कोरलेला. दगड कोरायला मीही बसले. एक ओळ मोठ्या दगडांची, एक लहान, चौकोनी नाहीत, कडा खाल्लेल्या. मग चहाचं पाणी, कॉफीचं पाणी, थोडी काजळी. भिंतींच्या डोक्यांवर शेवाळ म्हणून कसुरी मेथी गोंदाने चिकटवली. मुलगी नाक धरून म्हणाली, "पापा, इट स्मेल्स लाइक पनीर." त्याने लक्ष दिलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि पुढचं सगळं तिच्यावर आहे. साहेबांच्या तरुणपणी त्यांच्या गावात एक कमिटी निघाली होती, चॅपेलवर नवं छप्पर घालून ते पुन्हा वापरात आणू म्हणणारी. साहेब विरुद्ध बाजूला. पडकं आहे ते पडकंच राहू द्या, त्याला हात लावाल तर ते खोटं होईल, असं म्हणत त्यांनी म्हणे दारोदार सह्या गोळा केल्या. शेवटी कमिटी हरली. ही कथा ते प्रत्येक ख्रिसमसच्या पार्टीत सांगायचे, दुसऱ्या ग्लासानंतर. ऑफिसातल्या शिपायालाही ती पाठ होती.

शुक्रवारी मामा आले. नवऱ्याचे सख्खे मामा, सुतारकामाचे फोरमन, अल खोरच्या कामगारांच्या कॅम्पात राहायचे. शुक्रवारी सुट्टी असली की कंपनीच्या बसने दोह्याला येऊन मिस्सा ऐकायचे आणि मग आमच्याकडे जेवायचे. कतारमध्ये तेव्हा चर्चची इमारत नव्हती. एका कंपाऊंडमधल्या हॉलात मिस्सा व्हायची. बाहेर ना क्रूस, ना घंटा. आत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गर्दी इतकी की मामा बरीच वर्षं बाहेर पार्किंगमध्ये स्पीकरखाली उभं राहून मिस्सा ऐकत होते. वसईला डिसेंबरात गावचा गोठा बांधायचा तो यांनीच. बाळ येशूचा गोठा म्हणजे चार काटक्या अशी तुमची समजूत असेल तर वसईला येऊन बघा. डोंगर असतो, धबधबा असतो, मामांच्या गोठ्यात एकदा रेल्वेसुद्धा होती.

माझी त्या दिवशी सकाळची ड्यूटी. नवरा मामांना आणि मुलीला मिस्साहून घरी घेऊन आला, तिघं जेवले, आणि नवरा मला हॉस्पिटलातून घेऊन काचेची पेटी बघायला इंडस्ट्रियल एरियात निघाला. पेटीवाल्याचं दुकान उघडायची वाट बघितली, उघडल्यावर त्याने माप चुकीचं कापलेलं, मग परत कापणं. मामा घरी. चॅपेल हॉलमधल्या टेबलावर. उरलेलं प्लास्टर, थर्माकोल, रंग, सगळं शेजारी.

आम्ही परत आलो तेव्हा हॉलमधला दिवा बंद होता आणि टेबलावर उजेड होता.

चॅपेलच्या आत बल्ब लावलेला होता. खिडक्यांतून पिवळा उजेड पडत होता, तिन्ही खिडक्यांतून, कारण मधलीला आता डोकं होतं. दक्षिणेची भिंत पूर्ण झाली होती. चारी बाजूंना पांढराशुभ्र रंग, खाली निळा पट्टा, तिकोनी भिंतीवर क्रूस. आणि सगळ्यावर छप्पर. बिस्किटांच्या खोक्याचा खाचांचा पुठ्ठा उलटा करून, लाल रंगवून, तंतोतंत मंगलोरी कौलं. मेथी नव्हती. मामांनी ती उपटून कागदात नीट बांधून ओट्यावर ठेवली होती, भाजीला होईल म्हणून.

"लूक, ममी," मुलगी म्हणाली. "इट्स सो प्रिटी. मामा-आजोबांनी फिनिश केलं."

मामा सोफ्यावर बसले होते, हाताला रंग, चेहरा असा की आता आम्ही पाया पडणार. नवरा काचेची पेटी हातात घेऊन उभाच राहिला. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली, पडली असती.

"मामा," तो म्हणाला, "तुला हे कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? अर्धवट दिसलं, पुरं केलं."

"ते अर्धवट नव्हतं. ते पडकं होतं."

"तेच म्हणतो. पडकं. साहेबाला निरोप देताना पडकं चर्च देतोस? त्याच्या घरात ठेवायला? कोणी मोडकं ताट देतं काय लग्नात?"

"अरे, खरं चॅपेलच पडलेलं आहे. तिकडे. इंग्लंडात."

"मग बांधायला काय धाड भरली त्या लोकांना? पैसे नाय त्यांच्याकडे?"

"पैसे आहेत. त्यांना ते पडकंच आवडतं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांना वाटलं असावं की आम्ही दोघं मिळून त्यांना बनवतोय.

"किती वर्षं झाली, मी पार्किंगमध्ये उभा राहून मिस्सा ऐकतो," ते म्हणाले. "इथे एक चर्च नाय. घरात एक बांधता, ते पण मोडून ठेवता. आणि मी नीट केलं तर माझ्यावर ओरडता."

"मामा, माझी नोकरी आहे यावर," नवरा ओरडला. तो सहसा ओरडत नाही, त्यामुळे त्याला ते नीट जमत नाही, आवाज फाटला. "साहेब छप्पर बघून काय म्हणतील माहीत आहे? आयुष्यभर ते छपराच्या विरुद्ध लढले."

"छपराच्या विरुद्ध?" मामा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर छपरंच घातली होती.

मी मध्ये पडले. म्हटलं, आधी जेवू या, मग बघू काय काढता येतं. हा 'काढता येतं' शब्द चुकला. मामा उठले, हात धुतले, पिशवी उचलली.

"म्हणजे पाडणार."

"छप्पर तरी काढावं लागेल, मामा," मी म्हटलं.

"ज्या घरात चर्च पाडतात त्या घरात मी जेवत नाय."

उपवासकाळातला शुक्रवार, मटण चालत नाही म्हणून हमूर मासा तळायला काढला होता. त्याची मधली तुकडी मामांची. ती न खाता ते गेले. नवरा त्यांच्या मागे लिफ्टपर्यंतसुद्धा गेला नाही. तो टेबलाजवळ बसून छपराच्या कडेला नख लावून बघत होता.

शनिवारपासून आम्ही चर्च पाडायला बसलो. बांधण्यापेक्षा पाडणं कठीण असतं हे मी प्लास्टर रूममध्ये रोज बघते, पण तिथे आतला माणूस 'दुखतंय' म्हणून सांगतो. इथे कोणी सांगणारं नव्हतं. छप्पर निघालं, पण त्याची मधली दांडी मामांनी त्या टोकदार कमानीवर प्लास्टरने पक्की बसवली होती. ती कमान रिकामी उभी होती ना, तिला त्यांनी कामाला लावलं होतं. नवं प्लास्टर जुन्याला असं धरून बसलं होतं की कुठे काय संपतं ते कळेना.

लहान मुलांचं प्लास्टर काढायचं असतं तेव्हा आम्ही आधी कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजवतो. तेच केलं. कापसाचे बोळे करून भिंतींवर ठेवले, जरा मऊ झालं की सुईने थर उचलायचा. नवरा साहेबांच्या चित्राची झेरॉक्स समोर धरून सांगायचा, "इथून चार दगड काढ. हा राहू दे. हा अर्धा तुटलेला."

"अर्धा कुठल्या बाजूने?"

"बाहेरच्या. भिंत बाहेर पडली ना."

"मला वाटलं होतं पडायचं ते कसंही पडतं."

"नाही. पडण्यालाही रीत असते," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मला हसू आलं. साठ खाटांच्या वॉर्डात काम करते. पडण्याची रीत मला सांगतो.

सोमवारी कमान तुटली. माझ्याच हातात, बरोबर मधोमध, टोकाच्या दगडापाशी. नवऱ्याने झेरॉक्स खाली ठेवली. उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मी दोन्ही तुकडे टॉवेलवर ठेवले आणि बघितलं. स्वच्छ फ्रॅक्चर, तुकडे उडालेले नाहीत. हाड असं मोडलं की आमच्याकडे डॉक्टर आत तार घालतात. मी केसांतली पिन सरळ केली, दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडली, पिन घातली, सांधा प्लास्टरच्या पातळ पाण्याने भरला आणि उशीचा टेकू देऊन ठेवून दिलं. मुलीला म्हटलं, इथून पळत जायचं नाही. सकाळी कमान उभी होती. थोडी डावीकडे झुकलेली, पण पेशंटही असेच घरी जातात.

पांढरा रंग मात्र पुरता निघाला नाही. दगडांच्या पृष्ठभागावरून गेला, सांध्यांत राहिला. त्यावर पुन्हा चहा मारला, काजळी मारली. मेथी परत चिकटवली. लांबून बघितलं तर ठीक. जवळून बघितलं तर एखाद्याने चुना लावून मग विचार बदललेला.

गुरुवारी संध्याकाळी साहेबांच्या अल हिलालच्या व्हिलात निरोपाची पार्टी होती. पेटी मांडीवर घेऊन मी गाडीत मागे बसले. नवरा प्रत्येक स्पीडब्रेकरला मागे वळून बघत होता. मी म्हटलं, पुढे बघ, नाहीतर आपणच पडके होऊ.

पेटी टेबलावर ठेवून वरची काच काढली. साहेब चष्मा काढून, परत घालून, वाकून बघत राहिले. भोवती ऑफिसची माणसं, हातात बशा. साहेबांनी कोनाडा बघितला, त्याच्या तळाचं भोक बघितलं, धिऱ्यांवर बोट फिरवलं. नवऱ्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, एसी चालू असताना. मग साहेबांचं बोट दगडांच्या सांध्यावर थांबलं.

"हे पांढरं काय आहे?" त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं.

मी नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. 'जुना चुना' म्हणाला असता तर खपलं असतं. त्याने पाय काढून घेतला.

"माझ्या मामांनी रंगवलं होतं, सर. ते शुक्रवारी घरी होते. त्यांनी छप्पर घातलं. कौलांचं. क्रूस लावला, आत दिवा लावला. मग आम्ही सगळं काढलं. हा रंग निघाला नाही. आणि ही कमान तुटली होती, ती बायकोने बसवली."

एवढं इंग्लिश मी त्याला सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. साहेब सरळ उभे राहिले.

"छप्पर घातलं," ते म्हणाले.

"हो, सर."

"माझ्या गावच्या कमिटीचा मुख्य कोण होता, कधी सांगितलं नाही मी तुम्हाला," साहेब म्हणाले. "माझे सख्खे काका. मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत." आणि त्यांनी कमिटीची कथा परत पहिल्यापासून सुरू केली. सगळ्यांनी ती पहिल्यांदा ऐकतोय अशा चेहऱ्याने ऐकली. नवरा सुटला, असं मला वाटलं. पण नोकरीचं? कथा संपल्यावर साहेबांनी त्याचा खांदा थोपटला आणि हळूच म्हणाले की ठेवायच्या माणसांची नावं त्यांनी मागच्या महिन्यातच नव्या मॅनेजरला दिली होती, आणि त्यांना वाईट वाटतं.

म्हणजे त्याचं नाव त्यात नव्हतं. चहाचं पाणी मारत होतो तेव्हाही नव्हतं.

नवरा म्हणाला, "थँक यू, सर." मग आम्ही सामोशांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिलो, कारण लगेच निघणं बरं दिसलं नसतं.

नवा मॅनेजर तिथेच होता. लेबनॉनचा, टक्कल पडलेला, बोलताना काडेपेटी टेबलावर आपटणारा. तो नवऱ्याजवळ आला.

"आत दिवा लावला होता म्हणालास?"

"हो. आता नाही."

"प्रत्येक खिडकीतून दिसत होता?"

"दिसत होता."

"छपराचं प्रत्येक कौल वेगळं?"

"पुठ्ठ्याचं होतं," नवरा म्हणाला. त्याला वाटलं अजून चौकशीच चालू आहे.

मॅनेजरने सांगितलं की इथे आता जो उठतो तो टॉवर बांधतो आणि बांधायच्या आधी मॉडेल मागतो. मॉडेलं दुबईहून मागवतात. ती उशिरा येतात आणि रस्त्यात मोडतात. एका गिऱ्हाइकाला व्हिलांचं कंपाऊंड दाखवायचं आहे. पुढच्या गुरुवारपर्यंत कर. प्रत्येक घरात दिवा. आवडलं तर ऑफिसात मॉडेलचं टेबल लावू आणि तू त्या टेबलावर. नाही आवडलं तर खलास, मग यादीत आहे ते आहे.

"पण एक," तो म्हणाला. "मला पडकं नको."

नवरा हो म्हणाला. गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य म्हणाला, "दिवे मामाने लावले होते. मला वायरिंग येत नाही."

"माहीत आहे."

"छप्परसुद्धा मला तसं येणार नाही. ती कौलं बघितलीस ना तू?"

"मीच फाडली."

"तो फोनवर बोलत नाही. तीनदा केला. उचलतो, माझा आवाज ऐकतो आणि ठेवतो."

नवरा मामांची माफी मागायला जाणार नव्हता आणि मामा स्वतःहून येणार नव्हते, एवढं मला दोघांबद्दल माहीत होतं. त्यांच्या घराण्यात भांडण मिटवायला कोणीतरी मरावं लागतं. आमच्याकडे पुढच्या गुरुवारपर्यंतच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ईस्टरआधीची झावळ्यांची मिस्सा होती ती सोडून, मी गाडी काढली आणि अल खोरला गेले. नवऱ्याला मुलीबरोबर टॅक्सीने मिस्साला पाठवलं. हायवेवर तो शेजारी बसला की त्याचा पाय नसलेल्या ब्रेकवर असतो. मामा कॅम्पाच्या दाराशी कठड्यावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, बस चुकवल्यासारखे. मी बाजूला बसले. हमूर ताजा तळून डब्यातून आणला होता, तो दिला. त्यांनी डबा घेतला, उघडला नाही.

"पाडलं चर्च?"

"पाडलं."

"साहेब खूश झाला?"

"साहेब निघाले गावी. नोकरी देणारा दुसराच आहे. त्याला घरांचं कंपाऊंड पाहिजे, मामा. प्रत्येक घरात दिवा. तुमच्याशिवाय होणार नाही."

"त्याने सांगितलं तुला यायला?"

"नाही. तो सांगणार नाही. मी आले."

मामांनी डबा उघडून आत बघितलं आणि परत बंद केला.

"छप्पर ठेवणार का काढणार?"

"ठेवणार."

"मागाहून बोलायचं नाय."

"नाही बोलणार."

ते आत गेले आणि अवजारांची पेटी घेऊन आले. मी ती मागच्या सीटवर ठेवली, त्यांना पट्टा लावायला लावला आणि दोह्याकडे गाडी वळवली. दोनला माझी ड्यूटी होती.